श्रावणापुरती सवलत

काका, तुमचे मरण टाळता येण्यासारखे होते. तुमच्या फोटोखाली हे वाक्य कुणी लिहिणार नाही, म्हणून मी ते इथे पहिल्याच ओळीत लिहून टाकते.

गावाच्या नाक्यावर तुमचा फलक लागला आहे. ‘गावासाठी प्राण वेचणारा वीर’ असे त्यावर ठळक अक्षरांत छापले आहे आणि खाली भाऊबंदांची नावे, हुद्द्यांसकट. फोटो तुमच्या मुलाच्या, निखिलच्या साखरपुड्यातला निवडला आहे. त्यात तुमची दाढी नुकतीच केलेली आहे आणि गाल इतके गुळगुळीत आहेत की फ्लॅशचा उजेड त्यांवर पडलेला दिसतो. ज्या दाढीने तुमचा जीव घेतला, ती फलकावर नाही. मी रोज त्याच रस्त्याने कारखान्यात जाते आणि रोज त्या गालांकडे बघते. असेच गाल असते, तर आज हा फलक नसता.

तुम्ही गेल्यापासून लोक मला तुमच्याबद्दल सांगतात, जणू मी तुम्हाला ओळखतच नव्हते. अमोनियाचा माणूस म्हणजे तुम्ही, असे ते म्हणतात. ते खरेच होते. तुमच्या अंगाला तो वास कायमचा लागलेला असायचा. काकू तुमचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. माहेर रेवदंड्याचे, त्यामुळे सुक्या मासळीच्या वासात ती लहानाची मोठी झालेली. ती म्हणायची, “माझ्या बापाचा वास बरा होता गो, ह्या माणसाचा वास डोळ्यांत जातो.” तुम्ही हसायचात. मी पहिलीत असताना तुम्ही मला कारखान्याच्या कुंपणाबाहेर उभे करून ती पांढरी, घुमटाची टाकी दाखवली होती आणि सांगितले होते की तिच्यात दूध आहे, शेतांना पाजायचे. किती तरी वर्षे मी ते खरे मानले. त्या दुधापासून खत होते आणि तेच दूध मोकळे सुटले तर माणसाच्या घशातले, डोळ्यांतले पाणी शोधत जाते, हे मला पुढे पुस्तकाने शिकवले. तुम्हाला ते आधीपासून माहीत होते. म्हणून तर तुमच्यावरचा माझा राग कमी होत नाही.

वारा बघायला मला तुम्हीच शिकवलेत. टाकीजवळच्या खांबावर फडफडणाऱ्या त्या नारिंगी कापडी नळीला तुम्ही ‘वाऱ्याचा पायजमा’ म्हणायचात. “पायजमा जिकडं पळतो तिकडं आपण पळायचं न्हाय. आडवं पळायचं.” दिघीहून आगरदांड्याला फेरीबोटीने जाताना, माझा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी, सगळ्या बोटीत एकट्या मला तुम्ही लाइफ जॅकेट घालायला लावले होते. बाजूच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी रडकुंडीला आले होते. तुम्ही त्यांना म्हणालात, “हसा. ही पोर उद्या इंजिनेर होनार हाय, हिला बुडवून कसं चालंल?” बाबा मला मुंबईला शिकायला पाठवायला तयार नव्हते, त्यांना राजी केलेत तेही तुम्हीच. “शिकू दे, दादा. शिकून माझ्याच डोक्यावर साहेब म्हणून बसली तरी बसू दे,” असे तुम्ही म्हणालात, आणि मी खरोखरच येऊन बसले. घरी ‘बाय’ आणि कारखान्यात ‘मॅडम’. तो ‘मॅडम’ तुम्ही इतका लांबवून उच्चारायचात की सगळी शिफ्ट गालातल्या गालात हसायची.

सावधगिरी मी ज्या माणसाकडून शिकले, तो माणूस असावधपणे मेला. अभ्यासाने या वाक्यातली गाठ सुटत नाही. मी प्रयत्न करून पाहिला.

आपला वाद श्रावणाचा होता. आपल्याकडे श्रावण पाळणारा पुरुष महिनाभर वस्तरा लावत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. बाबा पाळतात, आजोबा पाळायचे. अमावास्या उलटली की न्हाव्याकडे रांग लागते आणि गणपतीला सगळे गाव ताज्या चेहऱ्याने उभे राहते. घरात त्याला काहीच हरकत नाही. पण कारखान्यातल्या आपत्कालीन पथकातला माणूस पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर पूर्ण मास्क चढवून वायूत शिरतो, आणि त्या मास्कची रबरी कड उघड्या कातडीवर बसावी लागते. मध्ये केस आले की फट राहते. फटीतून सिलिंडरची हवा बाहेर गळते, माणूस धापा टाकू लागला की बाहेरचा वायू आत येतो. मी सुरक्षा अधिकारी म्हणून रुजू झाले त्या पावसाळ्यात नियम केला, की श्रावणात दाढी राखणाऱ्याने पथकात राहायचे नाही. महिनाभर दुसरे काम करावे, देवाचीही अडचण नाही आणि माझीही नाही.

तुम्हाला तो अपमान वाटला. त्या पथकाचे तुम्ही प्रमुख होतात आणि तुमच्या मते प्रमुखाला श्रावणात घरी बसवणे म्हणजे बाईने हाताला धरून ओट्यावर बसवण्यासारखे होते.

मी सगळ्यांची मास्कची चाचणी घेतली. तुम्हाला आठवत असेल. मास्क लावून खुर्चीत बसवायचे, डोक्यावर प्लास्टिकचे पारदर्शक टोपडे घालायचे आणि आत गोड चवीचा फवारा मारायचा. मास्क नीट बसला असेल तर जिभेला काही कळत नाही. फट असेल तर गोड लागते. तुमचा नंबर आला तो नेमका सोमवारी.

“मॅडम, उपास हाय आज. हे चालतं ना उपासाला?”

सगळे हसले. मी फवारा मारला आणि विचारले, “गोड लागलं का?”

“न्हाय.”

“नीट सांगा.”

“न्हाय म्हनलं ना. कडू हाय का काय म्हाईत, पन गोड न्हाय.” आणि मास्कच्या काचेआड तुमची जीभ ओठांवरून फिरताना मला स्पष्ट दिसली. बाजूला तुमचे जोडीदार रमाकांत उभे होते. ते म्हणाले, “भाऊ, परसाद कसा हाय?” पुन्हा सगळे हसले. मीही हसले असते, पण मी तुम्हाला नापास केले. तुम्ही खुर्चीतून उठलात, टोपडे माझ्या हातात दिलेत आणि हळूच म्हणालात, “बाय, घरात पास कर. हितं मी बघतो.”

तुम्ही बघितलेत. युनियनवाल्यांना घेऊन थेट कारखान्याच्या प्रमुखांच्या केबिनमध्ये गेलात आणि ‘श्रावणापुरती सवलत’ घेऊन आलात. कुठे लिहिलेले काही नव्हते, सगळे तोंडी. वर्षानुवर्षे चालत आले आहे, कुणाला काही झाले नाही, कामगारांच्या भावना आहेत, मॅडम नवीन आहेत. दर श्रावणात तो वाद मी नव्याने मांडला आणि दर श्रावणात तुम्ही तो जिंकलात. जिंकल्यावर घरी येऊन मला भाजलेले शेंगदाणे द्यायचात आणि म्हणायचात, “रागावली का, गो?” मी शेंगदाणे घ्यायचे. शेवटच्या वेळी मी ते घेतले नाहीत. ती वाटी काकूने नंतर कधी तरी उचलली असेल.

तुम्ही गेलात त्या सकाळी अमोनिया ओढणाऱ्या पंपाचे सील फुटले. कंट्रोल रूममधून बंद होणारा व्हॉल्व्ह अर्ध्यात अडकला. दोन मार्ग उरले होते. एक, टाकीच्या तोंडाशी असलेला मोठा व्हॉल्व्ह बंद करायचा. तिथे वायू नव्हता, पण तो बंद केला की सगळा कारखाना थांबतो. दुसरा, पंपाच्या पलीकडे हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह, पांढऱ्या ढगाच्या पोटात. तुमच्या पिढीला ‘प्लांट पाडला’ या दोन शब्दांची जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही. तुम्ही दुसरा मार्ग घेतलात. कारखान्याच्या प्रमुखांनी फोनवर तुम्हाला अडवले नाही. त्यांनाही प्लांट पडायला नको होता.

वारा खाडीकडून गावाकडे होता, हे खरे आहे. फलक त्याच एका सत्यावर उभा आहे. म्हणून मी गणित मांडले. पाण्याचे फवारे सुरू झाले होते. अग्निशमनाची जोडी, गुळगुळीत गालांची, गेटवरून निघाली होती. तुम्ही मोठा व्हॉल्व्ह बंद करून बाहेर थांबला असतात, तर वास गावाच्या पहिल्या आळीपर्यंत पोहोचला असता. लोक खोकत घरात गेले असते, खिडक्या लावल्या असत्या, डोळ्यांना पाणी आले असते. डोळ्यांना पाणी तसेही आलेच.

तुम्ही आणि रमाकांत दोघे मास्क लावून आत शिरलात. दोघांच्याही तोंडावर श्रावण होता. ढगाच्या कडेलाच रमाकांतांच्या जबड्याला आग लागल्यासारखे झाले, आणि ते मागे फिरले. मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारले आहे आणि दर वेळी ते तेच सांगतात, शब्दही तेच.

“मी वरडलो, भाऊ, फिरा मागं. तर म्हनतो कसा, तू जा, मना काय लागत न्हाय.”

तुम्हाला लागत होते, काका. तुम्ही चाचणीच्या खुर्चीतही असेच म्हणाला होतात.

पुढचे वॉकी-टॉकीवर आले. मास्कमधून घुसमटलेला तुमचा आवाज कंट्रोल रूममधल्या सगळ्यांनी ऐकला. सिलिंडरमधली हवा संपत आली की शिट्टी वाजते, आणि शिट्टी वाजली की हातातले काम टाकून बाहेर यायचे, हा या धंद्यातला सगळ्यात साधा नियम. तो तुम्हीच नव्या पोरांना शिकवायचात. शिट्टी वाजली. पण ती तुमच्या अंदाजापेक्षा फार लवकर वाजली, कारण तुमची हवा दाढीतून गळत होती. तुम्ही म्हणालात, “शिट्टी खोटी हाय. सिलिंडर भरलेला घेतलाय मी. थोडंच राहिलंय.”

शिट्टी खरी होती. खोटे तुम्ही बोलला होतात, त्या सोमवारी, खुर्चीत बसून, ओठ चाटत. आणि तुमचे ते खोटे इतके हुशारीने बोललेले होते की शेवटी तुम्हालाच ते पटले.

व्हॉल्व्ह तुम्ही बंद केलात. ते मी अपघाताच्या अहवालात लिहिले आहे. श्रेय मी कुणाचे मारत नाही. तो पूर्ण, घट्ट बंद होता. तुम्ही त्याच्या पायथ्याशी सापडलात, मास्क हातात. रिकामा मास्क माणूस शेवटी ओढून काढतोच, कारण फुफ्फुसाला नियम कळत नाहीत. मृतदेहाचा चेहरा काकूला दाखवू नये असे मी सांगितले. कुणी ऐकले नाही. मी शिकलेली असल्यामुळे माझे काळीज दगडाचे आहे, असे बायका म्हणाल्या. काकूने तो चेहरा पाहिला. आता ती डोळे मिटत नाही.

रमाकांत तुमच्या दहाव्याला आले होते. त्यांच्या शेजारी कुणी बसले नाही. “पळाला म्हणून वाचला,” असे तुमचा सख्खा मेहुणा त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. काका, त्या दिवशी तुमच्या पथकात नियमाप्रमाणे मागे फिरलेला एकच माणूस होता, आणि तुमच्या मरणाने त्याला गावात भित्रा ठरवले. तुमच्या शौर्याची ही बाजूही फलकावर छापायला हवी होती. मी उठून त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलेही नाही.

आता दहाव्याचे सांगते, कारण तुम्हाला ते पाहता आले नाही आणि मला पाहावे लागले.

खाडीकाठी न्हावी आला होता. आधी निखिल बसला, मग तुमचे भाऊ, मग चुलतभाऊ, पुतणे. ऐन श्रावणात एकामागून एक सगळ्यांची डोकी आणि दाढ्या उतरल्या. निखिलचीही श्रावणाची दाढी होती, तुमच्यासारखीच, हनुवटीवर दाट. कुणी भावनांचा प्रश्न काढला नाही, युनियन मध्ये पडली नाही, देव रागावला नाही. सुतकात वस्तरा चालतो. चालतो कसला, लागतोच. जे मी तुमच्या जिवासाठी मागत होते आणि मला मिळाले नाही, ते तुमच्या मरणाला मागावेही लागले नाही. केस चिखलात पडत होते आणि भरतीचे पाणी ते घेऊन जात होते. मी उभी राहून बघत होते, आणि माझ्या मनात रडू नव्हते, फक्त चीड होती. ती तुम्हाला कळावी म्हणून लिहिते आहे.

मग पिंड ठेवले. कावळे कांदळवनात होते, येत नव्हते. तुमचा जीव कशात तरी अडकला आहे, असे सगळे म्हणू लागले. बाबा हात जोडून म्हणाले, “निखिलला तुझ्या जागेवर लावू रे, काळजी नको करू.” कावळा आला नाही. मेहुणा म्हणाला, “घर पुरं करू.” आला नाही. तेव्हा काकू उठली. तिने माझा दंड पकडला आणि मला पिंडासमोर ओढत नेले.

“बाय तुमच्या दाढीचं लिवनार न्हाय,” ती मोठ्याने म्हणाली. “ऐकलं का? न्हाय लिवनार ती. देवासाठी राखली नि त्यातच मेला, असं कुनाला म्हनू देनार न्हाय मी. ह्या पोरीची शप्पत.”

आणि कावळा आला. अगदी लगेच आला, पिंडाला शिवला, भात विस्कटला. बायका रडल्या, पुरुषांनी हुश्श केले. काकूने माझा दंड सोडला. तिच्या बोटांचे वळ उमटले होते. घरी जाताना ती एवढेच म्हणाली, “आता तुझ्या हातात हाय.”

कावळा भुकेला होता आणि माणसे मागे सरकली होती, म्हणून तो आला. हे मला ठाऊक आहे. तरीही दोन दिवस मी अहवालाचे ते पान उघडले नाही.

तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या प्रमुखांनी बोलावले. चहा मागवला, सांत्वन केले. मग म्हणाले, “मॅडम, दाढीचं जरूर लिहा. ती वस्तुस्थिती आहे. पण सवलतीचा उल्लेख कशाला? ती तोंडी होती. शेवटी जबाबदारी ज्याची त्याची.” म्हणजे काकूला दाढी नको होती आणि यांना सवलत नको होती. काकूचे ऐकले तर तुम्ही वीर ठरता. यांचे ऐकले तर मूर्ख ठरता. दोन्हीपैकी काहीही झाले तरी पुढच्या श्रावणात पथक तसेच दाढ्या वाढवून उभे राहील, आणि त्यात तुमच्या जागेवर लागलेला निखिल असेल.

मी दोन्ही लिहिले. दाढी लिहिली, सवलत लिहिली, ती कुणी मागितली आणि कुणी दिली तेही लिहिले. मागणारा म्हणून तुमचे नाव आहे, देणारे म्हणून त्यांचे. चाचणीत तुम्ही नापास झाला होतात आणि तरीही पथकात होतात, हे लिहिले. रमाकांतांनी बरोबर केले, हेही. अहवाल वर गेला आहे. या कामामुळे मला मुख्य सुरक्षा अधिकाऱ्याची जागा मिळेल अशी चर्चा आहे. तुमची बहीण म्हणाली, “काकाच्या चितेवर पोळी भाजून घेतली पोरीने.” मला ती जागा हवी आहे, काका. त्या खुर्चीत बसल्याशिवाय कुणाच्या तोंडी सवलती बंद करता येत नाहीत, हे मला तुम्हीच दाखवून दिलेत.

काकू माझ्याशी बोलत नाही. बहुधा पुन्हा बोलणारही नाही. पिंडासमोर माझ्या नावाने दिलेले वचन मोडणारी मुलगी म्हणून मला या घरात ओळखले जाईल, आणि ती ओळख खरी आहे. तुम्ही समाधानाने गेलात असे ज्यांना वाटते, त्यांना तसे वाटू दे. तुम्हाला मी समाधान देणार नाही. तुम्ही मला लाइफ जॅकेट घातलेत आणि स्वतः उघड्या अंगाने उडी मारलीत. याचा हिशेब देण्याआधीच तुम्ही निघून गेलात.

काल निखिल रुजू झाला. डोके तुकतुकीत, गाल त्याहून तुकतुकीत. मी त्याला त्याच खुर्चीत बसवले, मास्क चढवला, टोपडे घातले. त्याचे डोळे काचेआडून तुमच्यासारखे दिसतात. मी फवारा मारला.

“गोड लागलं का?”

त्याने जीभ फिरवून बघितली असावी. मग त्याने मान हलवली. “न्हाय, मॅडम.”

काका, त्या खुर्चीत बसून आपल्या घरातला माणूस पहिल्यांदाच खरे बोलला.